चार हजार निबंध

एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा ताबा घेतला. हार्लेमच्या या कॉलेजात हार्लेमचीच मुलं एवढी कमी का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुढच्याच वर्षी, हे कॉलेज जिचा भाग आहे त्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पास विद्यार्थ्याला दार उघडलं. मुलं आली, आणि त्यांचे निबंध वाचून कित्येक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला.

मिना शॉनेसी सिटी कॉलेजात १९६७ पासूनच, मागे पडलेल्या मुलांच्या तयारीवर्गात शिकवत होत्या. अध्यापनाचा अनुभव गाठीशी होता. तरीही पहिले निबंध हातात आल्यावर, रिकाम्या वर्गात बसून ते पुन्हा पुन्हा वाचताना त्यांना सुरुवात कुठून करावी हेच कळेना. त्यांनी मग चुकांचं निदान आरंभलं. १९७० ते १९७४ मधले मुलांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध त्यांनी वाचले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं, की या चुका बेफिकिरीच्या नाहीत. मुलांनी मनाशी काही नियम बांधलेले असतात आणि ते इमानदारीने पाळलेले असतात.

इंग्रजीतला साधा ‘एस’ घ्या. नामाला लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन! वाक्यातले मुलगे अनेक आहेत म्हणून नाम आणि क्रियापद दोन्हींना ‘एस’ लावणारा विद्यार्थी भाषेपेक्षा जास्त तर्कशुद्ध वागतो. आपल्याकडे ‘आणी’ लिहिणाऱ्या पोराचंही तेच. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हा नियम तो बरोबर पाळतो. ‘आणि’ त्याला अपवाद आहे, हे त्याला ठाऊक नसतं. वहीत मात्र लाल गोल पडतो आणि दहा वेळा लिहिण्याची शिक्षा होते. कारण कुणी विचारत नाही.

सिटी युनिव्हर्सिटीच्याच ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या केनेथ ब्रुफी यांना वेगळाच अनुभव आला. ज्यांना मदत हवी तीच मुलं शिक्षकांपासून लांब पळत. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांनाच तयार करून विद्यार्थ्यांशेजारी बसवलं. अशा नवख्या मदतनिसाचा हात पहिल्या दिवशी हमखास पेनाकडे जातो. समोर चुकलेलं वाक्य, आपल्याला उत्तर माहीत, आणि गप्प बसायचं! अशा मदतनिसांसाठी लिहिणाऱ्या जेफ ब्रुक्स यांनी १९९१ मध्ये त्यावर साधे उपाय सांगितले: कागद लिहिणाऱ्याच्या पुढ्यात ठेवा, पेन त्याच्याच हातात द्या, शेजारी बसा, त्याला मोठ्याने वाचू द्या. वाचताना जीभ अडखळते तिथे पुष्कळदा लिहिणाऱ्यालाच चूक सापडते.

पण ही संयमाची शिकवण ताणली की तिचंही सोंग होतं. शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्येच बजावलं होतं, की सत्ताधारी वर्गाच्या भाषेचे नियम ज्यांना घरात मिळत नाहीत, त्यांना ते उघड सांगितले पाहिजेत. हे पटण्यासारखं आहे. ज्याने नियम कधी ऐकलाच नाही, त्याला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारत राहणं म्हणजे छळच. अपवाद आहे, तर आहे म्हणून सांगावं.

अडचण उरते ती वेळेची. लेखनाचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये वैतागून लिहिलं, की जिथे असे मदतनीस बसतात ते लेखन केंद्र म्हणजे निबंधांच्या दुरुस्तीचं दुकान नव्हे. तिथे लिहिणारा घडवायचा असतो. विद्यार्थी मात्र निबंध पुढे सरकवून म्हणतो, ‘उद्या द्यायचाय, तेवढं नीट करून द्या.’ आणि उद्या मार्क पडणार असतात ते निबंधालाच.