हक्कांचा धडा दिवाळीनंतर

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या अनेक शाळांमध्ये हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नाही. बाकावरचा सोबती सांगतो, ‘सर, तो भट्टीवर गेला.’ भातकापणी उरकली, की आदिवासी वाड्यापाड्यांतली कुटुंबे, त्यांत कातकरी जास्त, भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे सगळे बरोबर. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. त्या मुलांचे शाळेचे वर्ष दिवाळीलाच संपलेले असते.

गळतीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. या मुलांच्या वाट्याला नेमके कोणते धडे येत नाहीत, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सातवीचे नागरिकशास्त्र घ्या. एकूण सहा धडे. संविधानाची ओळख, उद्देशिका आणि संविधानाची वैशिष्ट्ये हे पहिले तीन. पुढचे दोन मूलभूत हक्कांचे. शेवटचा मार्गदर्शक तत्त्वे आणि मूलभूत कर्तव्यांचा. पुस्तकाच्या क्रमाने शिकवत गेले, तर पहिले तीन दिवाळीआधी होतात आणि हक्कांची पाळी दुसऱ्या सत्रात येते. त्यातच शोषणाविरुद्धचा हक्क आहे. अनुच्छेद 23 वेठबिगारीला मनाई करतो, अनुच्छेद 24 चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवू देत नाही. परिपाठात म्हणून म्हणून उद्देशिका या मुलाला तोंडपाठ झालेली असते. तिच्यातला न्याय आपल्याला कोणत्या कलमाने मिळायचा, हे समजण्याआधीच त्याचे बिऱ्हाड हलते.

भट्टीवर तो काय करतो? साच्यातून काढलेली कच्ची वीट उन्हात एका अंगाने सुकते. मग ती हलक्या हाताने उलटावी लागते, घाई केली तर कोपरा ढासळतो. आईबापांचे हात चिखलात असतात, म्हणून हे काम पोरांकडे येते. सकाळी एक रांग, ऊन चढले की दुसरी, आणि मधल्या वेळात भोंग्यातल्या, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीतल्या, धाकट्या भावंडाकडे लक्ष ठेवायचे. त्याचे नाव कुठल्याही मजुरीच्या वहीत नसते. हजार विटांचा दर ठरतो तो नवराबायकोच्या जोडीचा. पोराचे हात त्यातच धरलेले.

आता सातवीचेच गणित पाहा. पुस्तकाचे दोन विभाग आहेत. समप्रमाण-व्यस्तप्रमाण आणि बँक व सरळव्याज ही प्रकरणे दुसऱ्या विभागात येतात. भट्टीवरचा हिशेब याच जातीचा असतो. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम उचललेला असतो. हंगामात दर आठवड्याला खर्ची मिळते. शेवटी विटांची मजुरी एका बाजूला आणि बयाणा अधिक खर्ची दुसऱ्या बाजूला मांडली जाते. समजा, बयाणा 20 हजारांचा, हंगामभराची खर्ची 30 हजारांची आणि मजुरी 46 हजारांची झाली. मुकादम सांगतो, चार हजार फिरले, म्हणजे अंगावर राहिले. ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. दर हजारी किती होता, फुटलेल्या आणि अवकाळीत भिजलेल्या विटा कोणाच्या माथी मारल्या, खर्चीचे आकडे कोणी लिहिले, हे विचारायला वहीत पाहता यावे लागते. वाडीतल्या एखाद्या घरात ती वही वाचू शकणारे एकच माणूस असते, आणि ते सातवीत शिकत असते.

कर्ज आणि शाळा यांचा हा संबंध मुरबाडला नवा नाही. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या आणि त्याच काळात या डोंगरपट्ट्यात गावोगावी शाळाही काढल्या. दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने हाती घेतली, याचे मला फार मोल वाटते. पोट सावकाराकडे गहाण असलेल्या घरातले मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. पुढे ते बेचाळीसच्या लढ्यात उतरले आणि 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी सहकारी हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. त्यांचा स्मृतिदिनही दुसऱ्याच सत्रात येतो.

‘आईबापांनाच शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असे आपण सहज बोलून जातो. ते बोलणे अन्यायाचे आहे. मुलाला मागे ठेवायचे तर कोणाच्या भरवशावर? हंगामी वसतिगृह जवळ असेल आणि तिथे पोर नीट राहील असा विश्वास वाटला, तर मागे ठेवणारे आईबाप आहेत. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, तेव्हा याच पालकांनी मुले तिथे बसवली. शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. बयाण्यापोटी माणूस बांधून ठेवणे 1976च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि असे कर्ज फेडायचे बंधनही त्याच कायद्याने रद्द केले आहे. याची अंमलबजावणी करण्याचे काम महसूल यंत्रणेचे आहे. बारा वर्षांच्या मुलाने धडा शिकून भट्टीच्या शेठशी भांडावे, असे म्हणणारा माणूस स्वतःचे ओझे त्याच्या डोक्यावर देत असतो.

तरीही एक गोष्ट शिक्षकाच्या हातात आहे. धड्यांचा क्रम त्याला बदलता येतो. कोणते मूल दिवाळीनंतर दिसणार नाही, हे वाडीवरच्या गुरुजींना ऑगस्टमध्येच ठाऊक असते. अशा वर्गात मूलभूत हक्कांचे दोन्ही धडे आणि सरळव्याज पावसाळ्यातच शिकवावे. भूमितीच्या काही रचना मागे राहिल्या तरी चालतील. वहीत रोजच्या विटा कशा मांडायच्या, एकूण मजुरीतून खर्ची कशी वजा करायची, तहसीलदार कोण आणि त्याच्याकडे अर्ज कसा लिहायचा, एवढे दिवाळीआधीच्या महिन्यांत नक्की बसते. जाताना स्थलांतराच्या गावी शाळाप्रवेशासाठीचे शिक्षण हमी कार्ड हातात असावे, आणि ते काय आहे हे मुलाला स्वतःला वाचता यावे. जूनमध्ये मूल परतले की वयाप्रमाणे आठवीत बसेल. तेव्हा त्याच्यासाठी सातवीचा राहिलेला अर्धा भाग आधी शिकवायला हवा. शिक्षण हक्क कायद्यात विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. तिचा उपयोग अशा मुलासाठी करायचा नाही, तर कोणासाठी?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वाडीतल्या शाळेत त्यांतले काही स्वतः भट्टीवर जाणारे असतात. धड्यांचा क्रम आणि वसतिगृहाची मागणी, हे दोन विषय समितीच्या सभेत गणपतीच्या आधी यायला हवेत. नंतर घेऊन उपयोग नाही. तोवर बहुतेक घरांनी बयाणा उचललेला असतो.