शंभरातले पंचवीस पैसे



जर्सी गाय आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपल्याकडच्या गोठ्यांत ती केव्हाच घरची झाली. पण जर्सी हे एका बेटाचे नाव आहे, हे किती जणांना माहीत असेल? फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस किलोमीटर. लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार एक लाख तीन हजारांच्या आसपास. ब्रिटनचा राजा तोच त्यांचा राजा, पण बेट ब्रिटनचा भाग नाही. विधानसभा त्यांची, कर त्यांचे, खर्चाचा निर्णयही त्यांचाच.

हे बेट १९६८पासून आपल्या सरकारी तिजोरीतून दूरदेशीच्या गरिबांसाठी पैसा बाजूला काढत आले आहे. नेपाळ, रवांडा, मलावी, इथिओपिया अशा देशांत तो जातो. २०२२पासून ही रक्कम बेटाच्या एकूण आर्थिक उत्पादनाशी जोडण्यात आली. सुरुवातीचे प्रमाण पाव टक्का, म्हणजे शंभर रुपयांत पंचवीस पैसे. संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली श्रीमंत देशांपुढे ठेवलेले उद्दिष्ट सत्तर पैशांचे होते. त्या मानाने पंचवीस पैसे थोडेच. तरीही या पंचवीस पैशांत तीन जुने नैतिक प्रश्न दडलेले आहेत आणि ते आपल्यालाही चुकलेले नाहीत.

पहिला प्रश्न : आधी कोण, घरचे की दूरचे?

जर्सीत घरांच्या किमती एवढ्या आहेत की तिथल्याच तरुणांना घर घेणे परवडत नाही. अशा वेळी कुणी विचारले, “आमच्या मुलांना छप्पर नाही आणि तुम्ही आफ्रिकेत पैसे पाठवता?” तर त्याला निष्ठुर म्हणता येणार नाही. हाच प्रश्न आज मोठी राष्ट्रेही विचारत आहेत. अमेरिकेने आपली परदेशी मदतसंस्था २०२५ साली गुंडाळली. ब्रिटनने त्याच वर्षी आपली मदत २०२७पर्यंत तीस पैशांवर आणण्याचे जाहीर केले.

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा नीट विचार केला आहे. प्रेमाला क्रम असतो, हे ते मान्य करतात. आईवडील, मुले, शेजारी यांचा हक्क आधी. परंतु ते तिथेच थांबत नाहीत. परका माणूस मरणाच्या दारात असेल आणि आपल्या वडिलांची तेवढी निकड नसेल, तर आधी परक्याकडे धावावे, असे ते म्हणतात. म्हणजे नाते हे एक माप झाले आणि गरज हे दुसरे. दोन्ही मापे हातात धरूनच निर्णय घ्यायचा असतो. “आधी घरचे” हे वाक्य खरे आहे. “घरचे सगळे मिटल्याशिवाय बाहेरचे नाहीच” हे मात्र खोटे आहे, कारण घरचे सगळे कधीच मिटत नाही.

जर्सीच्या लोकांना हे आपल्या इतिहासातूनही कळावे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ अशी पाच वर्षे हे बेट जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. १९४४च्या उत्तरार्धात बाहेरून येणारे धान्य तुटले आणि लोकांची उपासमार होऊ लागली. त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर रेडक्रॉसचे ‘वेगा’ नावाचे जहाज बंदराला लागले. त्यातली अन्नाची पुडकी कॅनडा आणि न्यूझीलंडहून आली होती. न्यूझीलंड म्हणजे पृथ्वीचे दुसरे टोक! तिथल्या माणसांनी जर “आधी घरचे सगळे मिटू दे” म्हटले असते, तर त्या हिवाळ्यात जर्सीच्या चुली कशावर पेटल्या असत्या?

दुसरा प्रश्न : हे दान आहे की देणे?

डिसेंबर १९६४मध्ये पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी आपल्या मुंबईत आले होते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग राष्ट्रांनी बाजूला काढावा आणि त्यातून गरिबांसाठी एक जागतिक निधी उभा करावा, असे आवाहन त्यांनी मुंबईतूनच केले. पुढे १९६७च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात त्यांनी त्याची पुन्हा आठवण करून दिली. त्याच परिपत्रकात त्यांनी संत अँब्रोज यांच्या शिकवणीचा आधार घेतला. तिचा आशय असा की, गरिबाला आपण देतो ते आपल्या पदरचे नसते. जे त्याचेच होते ते आपण त्याला परत करत असतो.

ही शिकवण जर्सीला जरा जास्तच लागू पडते. हे बेट श्रीमंत झाले ते मुख्यतः वित्तव्यवसायावर. तिथे बहुतेक कंपन्यांना नफ्यावर शून्य टक्के कर आहे, म्हणून जगभरचा पैसा तिथे येतो. त्यात सगळाच पैसा घामाचा असतो असे नाही. नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा सानी अबाचा १९९८ साली मेला. त्याच्या कारकिर्दीत लुटलेल्या पैशापैकी मोठी रक्कम जर्सीच्या बँकेत सापडली. जर्सी, अमेरिका आणि नायजेरिया यांच्यात २०२०मध्ये करार झाला आणि तीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम नायजेरियाच्या जनतेला परत मिळाली. ती रस्ते आणि नायजर नदीवरचा पूल यांच्या कामासाठी ठेवण्यात आली.

ही परतफेड झाली हे चांगलेच झाले. पण तिला कुणी दान म्हणेल का? मुळीच नाही. न्याय आधी आणि दया नंतर. एका हाताने कुणाचे पाणी तोडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला तांब्याभर पाणी द्यायचे, याला परोपकार म्हणत नाहीत. म्हणून देणाऱ्याने “मी किती दिले?” एवढेच विचारून चालत नाही. “माझ्याकडे आले कुठून?” हेही विचारावे लागते.

तिसरा प्रश्न : द्यायचे कसे?

इथे आपली जर्सी गाय पुन्हा येते. अंगाने लहान, खाद्य कमी, दूध घट्ट आणि सायीचे. लहान शेतकऱ्याला परवडेल अशी ही गाय. म्हणून बेटाने रवांडा, नेपाळ, मलावी इथल्या शेतकऱ्यांसाठी आपल्या या गायीचे वाण, कृत्रिम रेतन आणि पशुपालनाचे शिक्षण यांवर पैसा लावला. जे आपल्याला उत्तम जमते तेच दुसऱ्याला द्यायचे, हा विचार त्यामागे आहे.

रवांडाच्या सरकारची स्वतःची ‘गिरिंका’ नावाची योजना २००६पासून आहे. गरीब कुटुंबाला एक गाय मिळते. अट एकच : तिला पहिली कालवड झाली की ती शेजारच्या गरीब घराला द्यायची. काल ज्याने हात पसरला होता, तोच आज दुसऱ्याच्या दारी कालवड बांधतो. मदतीची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. ज्या मदतीने घेणारा कायम घेणाराच राहतो, ती त्याचे पोट भरते, पण मान खाली घालायला लावते. ज्या मदतीने घेणारा देणारा होतो, ती त्याला त्याची प्रतिष्ठा परत देते.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही दूरच्या कामासाठी निधी जमवायचा म्हटला की “आधी आपले गरीब” असा सूर निघतोच. तो सूर चुकीचा नाही, अपुरा आहे. प्रभूने मंदिरात विधवेची दोन नाणी मोजली नव्हती. तिच्याकडे मागे काय उरले ते पाहिले होते. म्हणून प्रश्न रकमेचा नाही, प्रमाणाचा आहे. मन हेलावले की दिले आणि विसरलो की राहिले, यापेक्षा लहानसाच, पण ठरलेला वाटा बरा.

या आठवड्यात जेवायला सारे एकत्र बसाल तेव्हा घरात एवढे ठरवा : आपल्या शंभर रुपयांतले किती पैसे आपल्या दारी कधीच न येणाऱ्या माणसाचे? आकडा कितीही लहान असो. मुलांना तो माहीत असू द्या आणि महिनाअखेरीला तो मोजायचे कामही त्यांच्याकडेच सोपवा.

आपला,
धर्मगुरू