गळ, गरज आणि मिठी नदी

अभ्यासवर्गात एका मित्रानं मला उभं केलं. "सकाळी बुद्धविहारात पहिलं शील म्हणतोस आणि दुपारी मिठीवर गळ टाकतोस. हे कसलं बौद्धपण?" पोरं हसली. मीही हसलो. पण रात्रपाळीत साच्यावर उभा राहिलो आणि प्रश्न काही जाईना.

मी गिरणीत बदली कामगार. नंबर लागला तर पगार, नाही तर खाडा. खाडा पडला की कालवणाची पंचाईत. आमचं गाव दुष्काळी. नदी होती तिथंही आमच्या आज्याला वरच्या अंगाला उभं राहता येत नव्हतं. मासे धरायला मला शिकवलं ते चाळीतल्या काकांनी. काका महाडकडचे.

ते म्हणाले, "सावित्रीवर पहिल्या पावसात वलगणीचा मासा चढतो. इथं मरोळला तसं नाय. ह्या पाण्याची वळख नव्यानं करायला लागंल."

ओळख केली. मिठी विहार तलावाच्या सांडव्यातून निघते, पवईचं पाणी तिला मिळतं, साकीनाका-कुर्ला करत ती माहीमच्या खाडीला जाते. पहिला पाऊस गटारं धुऊन आणतो. त्यात गळ टाकायचा नाही. आषाढ-श्रावणात तलाव भरून वाहिले की पाणी तांबडं होतं आणि तलावातला मासा खाली येतो. चिलापी, एखादा मरळ. वरच्या अंगाला, कडेच्या संथ पाण्यात गांडूळ लावून बसायचं. भाद्रपदात पाणी निवळतं, मासा सावध होतो. दोरी बारीक घ्यायची. पुढं सांडवे आटतात. मग नदीत उरतं ते सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन. त्यात मागूर तेवढा तग धरतो, कारण तो वर येऊन हवा घेतो. काका दिवाळीला गळ गुंडाळून ठेवायचे.

मी ठेवला नाही. एका हिवाळ्यात पंधरा दिवस नंबर लागला नाही. काळ्या पाण्यातून मागूर काढले. आम्ही घरी खाल्ले नाहीत. वस्तीच्या तोंडाशी बसून, तलावाचे आहेत म्हणून, स्वस्तात विकले. घेणारी आपलीच माणसं. एका आजीनं नातवासाठी दोन घेतले. "वर एक टाक रे बाबा," म्हणाली. मी टाकला. तेव्हा तर मला आपण दिलदार वाटलो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. ते वाचून मी आधी सुटलो असंच वाटलं. मला गरज होती ना!

पण मित्रांनो, गरज हा शब्द फार सोयीचा आहे. नदीत रसायन सोडणाराही गरजच सांगतो. मिठीचं पात्र भरणी टाकून आवळलं, तेही शहराच्या गरजेच्या नावाखाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती वस्त्यांत शिरली. गरज एकाची, बुडाला दुसरा.

म्हणून नुसतं गरज आहे का एवढं विचारून भागत नाही. किंमत कोण भरतं, हेही विचारावं लागतं. भाद्रपदातला मासा माझ्या ताटात आला. एक जीव गेला, ते ओझं मी नाकारत नाही. पण ते माझ्याजवळ आहे. मागूर विकला तेव्हा भूक माझी होती आणि विष दुसऱ्याच्या पोराच्या पोटात गेलं. कारखानदाराचा आणि माझा आकडा वेगळा, हिशोब एकच. व्यवस्थेनं मला त्या काळ्या पाण्यापर्यंत आणलं, हे खरं. पण 'तलावाचे आहेत' हे खोटं व्यवस्था बोलली नाही. मी बोललो.

२० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यात पाणी होतं, आपल्याला हक्क नव्हता. मिठीवर आज मला कुणी अडवत नाही, पण वर्षातले आठ महिने तिथं पाणी म्हणावं असं काही नसतं. हा लढाही आपलाच आहे. पण तो लढायला उभं राहायचं तर आपला हात आधी बघावा लागेल.

गळ मी सोडलेला नाही. दिवाळीला गुंडाळतो. आणि मित्रा, पुढच्या वर्गात मला उभं करशील तेव्हा एवढंच विचार: त्या आजीला जाऊन सांगितलंस का?

अजून नाही. इथं लिहिणं सोपं गेलं.