आज्ञेत राहा, पण डोळे उघडे ठेवून

आजचं वचन : इब्री लोकांस पत्र १३:१७



आपल्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, कारण ते तुमच्या जिवांची राखण करतात, असं सांगणारं हे वचन आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा ऐकू येतं. मी स्वतः ते एकदा चुकीच्या कामासाठी वापरलं. आजच्या मननाची सुरुवात त्या कबुलीनेच करतो.

आमच्या तरुण संघाच्या सभेत एका मुलीने विचारलं, "दादा, शिबिरासाठी वर्गणी गोळा केली होती ना, तिचा हिशेब अजून कोणी का सांगितला नाही?" प्रश्न सरळ होता. मला उत्तर माहीत नव्हतं. "विचारून सांगतो" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मी तिला हेच वचन ऐकवलं आणि वर म्हणालो, "देवाच्या अभिषिक्तांविरुद्ध बोलू नये." ती गप्प बसली. पुढचे तीन रविवार ती उपासनेला आलीच नाही.

त्याच दिवसांत मी पंडिता रमाबाईंची पत्रं वाचत होतो आणि वाचता वाचता मला माझीच लाज वाटली.

आपल्याला केडगावच्या मुक्ती मिशनच्या रमाबाई माहीत असतात. त्याआधीच्या, इंग्लंडमधल्या रमाबाई फारशा माहीत नसतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे, लहानग्या मनोरमेसह, त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवतही. १८८५ मध्ये, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या लोकांना हे रुचणार नाही, रमाबाईंच्या पुढच्या कामाला बाधा येईल, असं त्यांचं म्हणणं.

रमाबाईंना नवल वाटलं. ज्या बाईने हिंदुस्थानात भरसभेत शास्त्रीपंडितांपुढे व्याख्यानं दिली, तिला आता इंग्लंडात बसून मुलांना शिकवायची बंदी! त्यांनी कळवलं की मी शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्यानेही नाही. मग ही हरकत कुठून आली?

वाद तिथेच थांबला नाही. तो त्रैक्याच्या सिद्धांतापर्यंत गेला आणि चर्चच्या शिकवणीपुढे माणसाने आपली बुद्धी किती नमवावी, इथवर पोचला. सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसला. रमाबाईंचं म्हणणं असं की देवाने मला विवेकबुद्धी दिली आहे. देवाच्या वचनापुढे मी नमते. पण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर, पाळक आणि बिशप म्हणतील ते सगळं देवाचीच आज्ञा मानून दुसरं जोखड मानेवर घेणार नाही.

विचार करा, त्यांची परिस्थिती काय होती? परका देश, नवरा वारलेला, पदरात लहान मूल, आसरा याच लोकांचा. गप्प बसणं किती सोपं होतं!

आता वचनाकडे परत येऊ या. आपण त्याचा अर्धाच भाग पाठ करतो. ज्यांच्या आज्ञेत राहायचं, त्यांना स्वतः हिशेब द्यायचा आहे, असं तेच वचन पुढे सांगतं. तो हिशेब देवासमोर, एकेका जिवाचा. मूळ ग्रीकमध्ये 'आज्ञेत राहा' यासाठी जे क्रियापद आहे, त्याच्या अर्थात पटणं आणि भरवसा टाकणं येतं. म्हणजे पुढाऱ्याने वचनातून समजावून सांगावं आणि मंडळीने भरवशाने त्याच्यामागे जावं. त्याच अध्यायातल्या ७ व्या वचनात तर पुढाऱ्यांच्या जीवनाची फलनिष्पत्ती नीट पाहा, असं सांगितलंय. डोळे मिटायला सांगितलेलं नाही!

पेत्रानेही वडिलांना बजावलं की कळपावर धनीपण गाजवू नका (१ पेत्र ५:३). आणि त्याच पेत्राची अंत्युखियात चूक झाली, तेव्हा पौलाने तोंडावर त्याला अडवलं (गलती २:११). पौल वेगळी मंडळी काढून बसला नाही, की पेत्रामागे कुजबुजतही राहिला नाही. समोर उभा राहून बोलला.

पण मित्रांनो, दुसरी बाजूही आहे. गणना १६ मधला कोरह मोशेला म्हणाला की सगळी मंडळीच पवित्र आहे, मग तूच वर का? शब्द बरोबर होते, मनात मात्र खुर्ची होती. म्हणून प्रश्न विचारण्याआधी स्वतःला विचारावं, मला सत्य हवंय की जागा हवीय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. अँग्लिकन मंडळ्यांत आजही, कोणी कोणाचं किती ऐकायचं यावर वाद आहे. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे पोप नव्हेत. दुसऱ्या देशातल्या प्रांताला ते हुकूम सोडू शकत नाहीत. इंग्लंडमधला पाळकसुद्धा बिशपच्या आज्ञेत राहण्याची शपथ घेतो, ती कायद्याला धरून असलेल्या आणि सचोटीच्या गोष्टींपुरतीच. ही मर्यादा शपथेतच आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ख्रिस्ती शिबिरांशी जोडलेल्या एका माणसाने मुलांवर आणि तरुणांवर केलेले अत्याचार वर्षानुवर्षं दडून राहिले होते. २०१३ मध्ये माहिती मिळाल्यावरही पुरेसं पाऊल उचललं गेलं नाही, असा ठपका एका स्वतंत्र अहवालाने ठेवला. मुलांचं रडणं पुढाऱ्यांच्या अब्रूपेक्षा हलकं ठरतं, तेव्हा काय होतं ते यात दिसतं. हिशेब कधी ना कधी मागितला जातोच.

आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकनांबरोबर इतरही मंडळ्या एकत्र आल्या. बिशप राहिले, आणि त्यांच्याबरोबर निवडून आलेल्या सभासदांच्या समित्या, कौन्सिल आणि सिनडही राहिले. म्हणजे सभासदाने विचारणं हे बंड नव्हे. त्यासाठी आपल्या घरातच जागा ठेवलेली आहे.

रमाबाईंच्या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडलेलं आता सांगतो. एवढे कडक शब्द झाले, तरी रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचं नातं संपलं नाही. आणि आज ती पत्रं आपण वाचू शकतो, कारण सिस्टर जेराल्डीन यांनीच ती जपून ठेवली आणि एकत्र केली. जिने आज्ञा मोडली असं वाटत होतं, तिचे शब्द त्यांनी फेकून दिले नाहीत. आणि ज्या मुलीला बुद्धी नमवायला सांगितलं गेलं, तिनेच पुढे मूळ भाषा शिकून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं.

मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर म्हणालो, "माझं चुकलं. तुझा प्रश्न बरोबर होता." मग आम्ही दोघांनी मिळून कमिटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलं, नम्रपणे, सही करून. हिशेब अजून पूर्ण मिळालेला नाही. पण ती परत येते, पहिल्या बाकावर बसते, आणि मी बोलताना माझ्याकडे बारीक लक्ष ठेवते. ठेवू दे. तिच्या जिवाचाही हिशेब मला द्यायचा आहे.

आज एवढंच करा. तुमच्या पाळकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. आणि मनात दाबून ठेवलेला एखादा प्रश्न असेल, तर तो ग्रुपवर न टाकता त्यांना समोर भेटून विचारा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या पुढाऱ्यांना तुझा टॉवेल दे आणि आम्हाला नम्र पण निर्भय जीभ दे. तुझं वचन आम्ही कोणाचं तोंड बंद करायला वापरलं असेल, तर क्षमा कर. आमेन.