नाव कोणाचं, दार कोणासाठी

आपल्या नावाचं काही उभं राहू नये म्हणून गाडगेबाबा आयुष्यभर जपले. पाया पडायला वाकणाऱ्याला ते दूर सारत. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असं ठणकावून सांगत. आपल्यामागे मूर्ती, मंदिर, समाधी काही नको, हेही त्यांनी बजावलं होतं. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. आज अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि तिच्याभोवतीच्या वस्तीला गाडगेनगर म्हणतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, गावोगावच्या चौकांना आणि सभागृहांनाही मिळालं. त्यांच्या हयातीतच, १९५४ मध्ये, रयत शिक्षण संस्थेने कराडला महाविद्यालय काढलं, तेही सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने. गुरुपण नाकारणाऱ्याला ही पदवी दिली ती त्यांचं मन ओळखणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेने. तेव्हा प्रश्न केवळ राजकारण्यांच्या नामकरण-सोहळ्यांचा नाही. ज्याने नाव नको म्हटलं त्याचं नाव देणं ही भक्ती की आज्ञाभंग, हा प्रश्न त्यांच्यावर खरं प्रेम करणाऱ्यांनाही चुकत नाही.

त्याचं उत्तर मला बाबांच्याच एका कृतीत दिसतं. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली आणि तिला चोखामेळ्याचं नाव दिलं. म्हणजे संताच्या नावाने वास्तू ओळखली जावी, याला त्यांचा विरोध नव्हता. हे नाव त्यांनी कुठे आणि कुणासाठी दिलं, ते पाहिलं पाहिजे. चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, बाहेर. त्यांचे अभंग वारीत गायले जात, पण त्यांच्या जातीच्या वारकऱ्याला मंदिरात पाऊल टाकता येत नव्हतं. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. मंदिरात मज्जाव होता तसाच गावातल्या इतर धर्मशाळांच्या ओसरीवरही होता. शेकडो कोस चालून आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याने रात्री पाठ कुठे टेकायची? बाबांनी चोखोबांचं देऊळ बांधलं असतं, तर चोखोबांचा गौरव झाला असता आणि तो वारकरी वाळवंटातच झोपला असता. त्यांनी धर्मशाळा बांधली. नाव ज्याचं, त्याच्या लोकांसाठी दार उघडं झालं. पुढे १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः उभारलेली इमारतही त्यांनी हातात धरून ठेवली नाही.

संताचं नाव देण्याचा अधिकार कसा मिळतो, हे इथे स्पष्ट होतं. त्या संताला ज्यांची काळजी होती, त्यांच्यासाठी ती जागा काही करत असेल तर नाव शोभतं, आणि मग नको म्हणणाऱ्या संताचीही त्यात अवज्ञा होत नाही. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी परगावाहून येणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. त्या नावाबद्दल बाबांची तक्रार असती, असं मला वाटत नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची सुरुवातही याच वाटेवरची होती. २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, ते सुरू झालं. गावाने आधी श्रमदान करून गाव झाडायचं, गटारं आणि शौचालयं नीट करायची, मग तपासणी आणि मग बक्षीस. ज्या माणसाने गावात शिरताच खराटा हाती घेतला आणि कीर्तन रात्रीवर ठेवलं, त्याचं नाव या क्रमाला साजेसं होतं. अर्थात, तपासणी पथक येण्याच्या आदल्या दिवशीच झाडू निघाला, तर त्या गावापुरतं ते नाव खोटं ठरतं.

यावर कुणी म्हणेल, एवढी कसोटी कशाला? नाव फलकावर राहिलं तर निदान आठवण राहते, एखादं पोर विचारतं की हे कोण होते. आठवणीचं मोल मी कमी मानत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. सार्वजनिक फलकावर कुणाचं नाव येतं याला केवळ शाईचं महत्त्व असतं, असं त्यानंतर कुणी म्हणू नये. पण त्या लढ्याचा आधारही हाच होता: आजवर ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांचा या वास्तूवर हक्क आहे हे फलकाने मान्य करावं. नुसती आठवण हवी असती, तर पुतळ्यावर भागलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्व धर्मांच्या लोकांच्या करावर चालणाऱ्या संस्थेला सरकारने एका धर्मातल्या संताचं नाव का द्यावं? नाव देऊन ही जागा अमक्यांची असं सुचवायचं असेल, तर आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तसं नाव संताच्या आडून केलेली मालकी असते. मात्र बाबांचा धर्म भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, निराश्रिताला आसरा आणि मुलांना शिक्षण असा होता. त्यात कुणाची जात वा पंथ विचारण्याला जागा नव्हती. असं नाव लावलं की संस्थेवर विशेषाधिकार येत नाही, जबाबदारी येते, आणि ती कुठल्याही धर्माच्या नागरिकाला मागता येते.

म्हणून नाव बदलण्याची मागणी मी करणार नाही. नावाचा हिशेब मागण्याची मागणी करीन. विद्यापीठाला बाबांचं नाव आहे, तर घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या पिढीतल्या मुलाला तिथे वसतिगृहात जागा मिळते का, फी भरता आली नाही म्हणून त्याची परीक्षा अडते का, हे दर वर्षी विचारलं जावं. आणि रोज पहाटे ते आवार झाडणारी बाई कायम नोकरीत आहे की कंत्राटदाराच्या मर्जीवर, तिची मुलगी त्याच विद्यापीठात शिकते आहे का, हेही त्यात विचारलं जावं.