बैठकीची उंची

बदलीच्या नोकरीत घर सरकारचे असले तरी दिवाणखाना आपला असतो, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती किंचित निराळी आहे. नागपूरच्या मुक्कामात घेतलेले कपाट, आजोळहून आलेला झोपाळा, दिल्लीत हप्त्यांनी घेतलेला सोफा आणि लग्नातला चौरंग ही मंडळी बंगळूरच्या निवासस्थानी मालमोटारीतून उतरतात, तेव्हा धर्मशाळेत एकत्र आलेल्या प्रवाशांसारखी एकमेकांपासून अंग चोरून उभी राहतात. घरातील एक पक्ष म्हणतो, हे सारे विकून एकजात नवा संच घ्यावा. दुसरा पक्ष महिनाअखेरची शिल्लक मोजून म्हणतो, आहे त्यातच जमवावे. वाद पैशांचा दिसतो. आमच्या मते तो थोडासा नीतीचाही आहे.

मेळ जमवण्याचा प्रयोग करण्यास बंगळूरइतके सोयीचे शहर थोडेच असेल. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेली पेठ 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आली. 1809 मध्ये इंग्रजांनी शेजारी लष्करी छावणी उभारली, आणि 1949 पर्यंत या दोन वस्त्यांच्या नगरपालिकाही वेगळ्या होत्या. बसवनगुडीकडच्या जुन्या घरांत लाल गुळगुळीत जमीन, तर छावणीतल्या बंगल्यांना खिडक्यांवर टोकदार लाकडी झडपा, ज्यांना येथील लोक 'मंकी टॉप' म्हणतात. बंगले पडत गेले, पण त्यांतील सामान शहरातच फिरत राहिले. शिवाजीनगरच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत कॉफीच्या मळ्यांतली लांब हातांची आरामखुर्ची अजून भेटते; त्या हातांवर पाय टाकून मळ्याचा साहेब पहुडत असे. शिसवी किंवा सागवानी लाकूड शाबूत असेल, तर वेताची बैठक पुन्हा विणून घेता येते आणि लाखेचे पॉलिश हाताने चढवता येते. त्या पॉलिशला 'फ्रेंच' म्हणण्याचा प्रघात आहे. लाख मात्र आपल्याच जंगलांतली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दुसऱ्याच्या आजोबांची खुर्ची विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यात मांडणे ही उसनी कुलीनता नव्हे काय? आहे, जर ती पाहुण्याला दाखवण्यासाठी आणली असेल तर. परंतु जी खुर्ची घरातील कोणी रोज वापरतो, तिचा पूर्वीचा मालक कोण होता हा प्रश्न हळूहळू गळून पडतो. आपल्या भाषेने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. 'दिवाणखाना' आणि 'तक्क्या' फारसीतून आले, 'खुर्ची' अरबीतून, 'टेबल' इंग्रजीतून. 'पाट' तेवढा संस्कृताच्या घरचा. तरी खुर्चीवर, टेबलाखाली, तक्क्याला टेकून असे आपण म्हणू लागलो आणि ते सारे आपल्या व्याकरणात वागू लागले. मराठीने कोणाचेही रूप पुसले नाही, प्रत्यय मात्र स्वतःचा लावला. म्हणून साऱ्या जुन्या वस्तूंवर एकच रंग फासून त्यांना एका कुटुंबाचे भासवण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती आम्हांस रुचत नाही. सागाने सागासारखे आणि लोखंडाने लोखंडासारखे दिसण्यात त्यांचा कसला अपमान आहे?

मग बेसूरपणा येतो कोठून? पुष्कळ घरे पाहून आमचे मत असे झाले आहे की तो रंगातून किंवा घडणीतून फारसा येत नाही. तो उंचीतून येतो. खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे दीड फूट, सोफ्याची थोडी कमी, लोड-तक्क्यांची बैठक चार बोटे, आणि पाट त्याहूनही खाली. या चारही वस्तू एका खोलीत ठेवल्या की माणसे चार पायऱ्यांवर बसतात. सोफ्यावरचा पाहुणा खाली पाहून बोलतो, सतरंजीवरची आजी मान वर करून ऐकते, आणि थोड्या वेळाने ती आत निघून जाते.

उंचीला अर्थ असतो हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात 'कुर्सीनशीन' म्हणून एक मान होता. साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा अधिकार कोणाला, याच्या याद्या असत आणि तसा दाखलाही मिळे. आपल्या जुन्या बैठकीलाही समतेचे श्रेय देण्याचे कारण नाही. गादी कोणाची, सतरंजी कोणाची आणि उंबऱ्याबाहेर कोण, हे तिथेही ठरलेलेच होते. सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे अधिक जपायला हवे, कारण कचेरीतील श्रेणी संध्याकाळी आपल्याबरोबर घरी येते आणि सर्वांत आधी सोफ्यावर बसते.

उपाय सुताराच्या आवाक्यातला आहे आणि नव्या संचाहून पुष्कळ स्वस्त. जमिनीवरच्या बैठकीखाली लाकडी चौकट घालून ती खुर्च्यांच्या जवळपास आणावी. झोपाळ्याची साखळी एक-दोन कड्या वर घ्यावी. वडीलधाऱ्यांचे गुडघेही दुवा देतील. पाट आणि चौरंग पूजेपुरते ठेवावेत. उरलेल्या पैशांत चन्नपट्टणचे एखादे लाखकाम आणावे आणि सावंतवाडीच्या लाखकामाशेजारी मांडावे. दोन प्रांतांच्या कातकामाचे नाते डोळ्यांना आपोआप कळते.

सुताराचे हत्यार जेथे पोहोचत नाही अशी एक जागा मात्र उरते. घरकाम करणाऱ्या बाई चहाचा पेला घेऊन, खुर्ची मोकळी असतानाही, दाराशी जमिनीवर बसतात. ज्या घरांत त्यांना 'वर बसा' म्हटले जाते, तेथेही पहिल्या दिवशी त्या उभ्याच राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केव्हा तरी, खुर्चीच्या अगदी कडेला, टेकतात.