अख्खी होडी

आमच्या सोनपेठात प्रवासाला कारण लागते. लग्न, मय्यत, परभणीच्या हजरत तुराबुल हक यांचा उरूस, दवाखाना, कोर्टाची तारीख, ऊसतोड. ज्याला अल्लाहने ऐपत दिली त्याला हज. या यादीत 'असंच' नावाचे कारण नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मोहल्ल्यातल्या दोन-चार घरांनी मिळून क्रूझर ठरवायची, पाचशे किलोमीटर तुडवून मुरूडला जायचे, होडीत बसून जंजिरा पाहायचा आणि तिसऱ्या दिवशी परत यायचे, असे सुरू झाले, तेव्हा जुन्या माणसांनी एकच शब्द विचारला, 'कायकू?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. विचारणाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर काल घडल्यासारखे आहे. अशा मुलखातला माणूस पाणी पाहण्यासाठी पैसे खर्च करतो, आणि तेही पिता न येणारे पाणी, तेव्हा त्याला हिशेब विचारला जाणारच. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याकडे गुन्हा मानली जाते. मग आनंदासाठी केलेला खर्च नेमका कोणत्या रेषेपाशी उधळपट्टी होतो?

मौलवीसाहेबांना विचारून 'जायज' किंवा 'नाजायज' असा एका शब्दाचा निकाल आणणे सोपे आहे. पण आमच्या मते हा फतव्याचा प्रश्न नाही. कुरआन माणसाला जमिनीवर फिरायला सांगते, एकदा नव्हे, अनेकदा सांगते. मात्र ते कशासाठी फिरायचे, हेही सांगते. आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहावे म्हणून. वारा खावा, तळलेले पापलेट खावे म्हणून नव्हे. इब्न बतूता १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी तंजाहून निघाला तो हजला म्हणून निघाला, आणि फिरत फिरत पुढे आपल्या मराठवाड्यातल्या दौलताबादेपर्यंत येऊन गेला. त्याच्या सगळ्या प्रवासाला हजचे कारण पुरले असेल असे आम्हाला वाटत नाही. पाहण्याची हौस हेही त्याचे कारण होते, आणि त्याबद्दल त्याला कोणी गुन्हेगार ठरवले नाही. बायकामुलांना खूश करणे हे आपल्या दीनमध्ये फालतू काम मानलेले नाही. तेव्हा आनंदाला बाहेरून कारण चिकटवण्याची गरज नाही, असे आमचे मत आहे. हिशेब आनंदाचा मागू नये. आनंद घेताना आपण कोणाला काय करतो, त्याचा मागावा.

त्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावर यावे लागेल.

मुरूडजवळच्या राजपुरी गावातून जंजिऱ्याला होड्या जातात. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा त्या बंद असतात. होडी माणसांनी भरली की सुटते. आमच्या सोनपेठच्या मंडळींना भरण्याची वाट पाहायची नव्हती. बायका बरोबर होत्या, त्यांत दोघी-तिघी बुरखेवाल्या. अनोळखी मर्दांच्या खांद्याला खांदा लावून बसायला त्यांना नको होते. हे कारण खरे होते, बहाणा नव्हता. म्हणून उरलेल्या जागांचे पैसे मोजून अख्खी होडी घेतली. किनारा मागे पडला की नकाब वर होतील, केसांना वारा लागेल, असा बेत होता. ज्या बाईने उभ्या आयुष्यात गोदावरीपेक्षा मोठे पाणी पाहिले नाही, तिला अर्धा तास उघड्या चेहऱ्याने समुद्र पाहता यावा, ही काही चैन नव्हे.

पण धक्क्यावर रांग होती. आमच्या होडीत निम्म्या जागा मोकळ्या राहत होत्या आणि समोर बीडकडचे एक हिंदू कुटुंब उन्हात उभे होते. म्हातारी, दोन सुना, लहान लेकरे. होडीवाल्याने विचारले, 'घेऊ का यांना?' आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, पैसे मोजलेत, होडी आपली. दुसरा म्हणाला, पैसे जागेचे मोजलेत, समुद्राचे नाही.

पहिल्याचे म्हणणे कायद्याने बिनचूक होते. तरी ते आमच्या कानाला टोचले, आणि का टोचले ते सांगितले पाहिजे. पुण्या-मुंबईत घर शोधायला गेलेल्या आमच्या पोरांना हेच वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागते. सोसायटी आमची, जागा आमची, तुम्हाला देत नाही. नाव विचारल्यावर रिकामा फ्लॅट अचानक भरलेला असतो. ज्यांनी बंद दाराची बाहेरची बाजू पाहिली आहे, त्यांनी मोकळी जागा अडवून बसताना निदान दोनदा विचार करावा. अर्थात दोन्ही गोष्टी एक नाहीत. एका सकाळपुरती बायकांसाठी घेतलेली होडी आणि पिढ्यानुपिढ्या नाकारलेले घर यांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. पण 'पैसे मोजले की शेजारी उरत नाही' ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

हजरत नुअमान बिन बशीर यांनी सांगितलेली एक हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. लोकांनी चिठ्ठ्या टाकून जहाजातल्या जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, वरच्यांना त्याचा त्रास होई. तेव्हा खालचे म्हणाले, आपण आपल्याच वाट्यात भोक पाडू, कोणाला त्रास नको. त्यांना अडवले तर सगळे वाचतील, करू दिले तर सगळे बुडतील. ही हदीस वाजात नेहमी खालच्यांची चूक दाखवण्यासाठी सांगितली जाते. आम्हाला तिच्यात वरच्यांचेही काही दिसते. पाणी मागायला येणाऱ्याचा त्यांना त्रास का व्हावा? त्रास झाला नसता तर भोकाची कल्पना निघालीच नसती. 'आपला वाटा' हे शब्द जहाजात फार जपून वापरावे लागतात, वर बसलेल्यानेही आणि खाली बसलेल्यानेही.

धक्क्यावरचा तंटा शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वडील खालांनी मिटवला. त्यांनी सांगितले, बायका-लेकरे सगळी या होडीत येतील, त्यांची आणि आपली. मर्द सगळे मागच्या होडीत, त्यांचे आणि आपले. ज्याने 'होडी आपली' म्हटले होते तोही मुकाट्याने मागच्या होडीच्या रांगेत उभा राहिला. पडदा राहिला आणि जागाही वाया गेली नाही. पंचायत बसवूनही इतका सरळ तोडगा मर्दांना सुचला नसता.

या तोडग्यात एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. मर्द सगळे मागे राहिले आणि नकाब वर झाले, तेव्हा शिडाची दोरी धरून होडीवाला पुढेच उभा होता. त्याच्या जोडीला एक पोरगा होता. ते मर्द नव्हते काय? हिशेबात त्यांना कोणी धरलेच नाही. ते होडीचा भाग होते, शिडासारखे, वल्ह्यासारखे. राजपुरीच्या होडीवाल्यांत मुसलमान बरेच आहेत. शुक्रवारी जुम्याच्या वेळी होड्या थांबतात, म्हणजे दीनचा भाऊ म्हणूनही तो माणूस परका नव्हता. तरी तो दिसला नाही. गरीब माणूस न दिसणे ही आपल्या पडद्याची सगळ्यात जुनी फट आहे. घरी पाणी भरणारा, गवंडी, रिक्षावाला यांच्यासमोर आपल्याकडे असेच होते. यात बायकांना बोल लावण्याचे कारण नाही. मर्दांनीच त्याला माणसांत मोजले नव्हते.

कुरआनात सूरह कहफमध्ये हजरत मूसा एका जाणत्याबरोबर होडीत बसतात. त्याला परंपरा खिज्र म्हणते. तो होडीला भोक पाडतो. मूसा चिडतात. पुढे उलगडा होतो की पलीकडे एक राजा धडधाकट होड्या जबरीने हिसकावत होता, म्हणून ही होडी ऐबदार केली, म्हणजे ती तिच्या गरीब मालकांकडेच राहील. तिथे त्या मालकांसाठी शब्द आला आहे मसाकीन, मिस्किनचे अनेकवचन. होडी त्यांच्या मालकीची आहे, समुद्रावर ते काम करतात, आणि तरी ते मिस्कीन आहेत. याच आयतीवरून काही फकीहांनी असे काढले की ज्याच्याकडे कमाईचे साधन आहे तोही मिस्कीन असू शकतो, जकातीचा हकदार असू शकतो.

आम्हाला ही गोष्ट राजपुरीपेक्षा सोनपेठात जास्त पटते. आमच्या तालुक्यातून आणि आजूबाजूच्या गंगाखेड, पाथरीकडून दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या कारखान्यांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत जायचेच असते. कोणाकडे स्वतःची बैलजोडी असते, गाडी असते. 'त्याच्याकडे बैल आहेत, त्याला कशाची गरिबी?' असे म्हणणारा माणूस आयत वाचतो, पण वाचत नाही. बिरादरीतही असे कोयतेवाले आहेत, आणि रमजानमध्ये जकातीची यादी करताना त्यांची नावे 'कमावता आहे' म्हणून गाळली जातात. ज्या रस्त्याने आमची क्रूझर मुरूडला गेली, त्याच रस्त्यावर अर्ध्या वाटेपर्यंत ही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची माणसे होती, भांडीकुंडी आणि लेकरांसह. त्यांच्या प्रवासाला कारण होते. कारण असणे हे प्रवासाचे भाग्यच असते असे नाही, हे जुन्या माणसांनी लक्षात घ्यावे.

किल्ल्यावर पोचल्यावर निराळाच पेच उभा राहिला. जजीरा म्हणजे अरबीत बेट, त्याचा झाला जंजिरा. हबशी सिद्दी तिथे कसे आले त्याची एक कथा सांगितली जाते. राम पाटील नावाच्या कोळी नाईकाचा तिथे लाकडी मेढेकोट होता. सिद्दी व्यापाऱ्याच्या वेषात आले, माल ठेवायला जागा मागितली, पाटलाला दारू पाजली आणि पेटाऱ्यांतून शिपाई बाहेर काढून कोट घेतला. गाईड ही गोष्ट रंगवून सांगत होता आणि ऐकणाऱ्यांतले काही जण हळूच आमच्या टोप्यांकडे पाहत होते. आमच्यातले काही तरुण उलट 'अजिंक्य' या शब्दावर छाती फुगवत होते.

दोन्हींत आम्हाला तथ्य वाटत नाही. आसऱ्याला आलेल्या पाहुण्याने यजमानाला दगा दिला असेल, तर तो दगाच आहे, करणाऱ्याचे नाव काहीही असो. आणि समोर दिसणारा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी याच सिद्दीला आवर घालायला बांधला, त्यांच्या आरमारात दौलतखान सरदार होता. एका बाजूला सगळे मुसलमान आणि दुसऱ्या बाजूला सगळे हिंदू अशा होड्या त्या समुद्रात कधी नव्हत्याच. ते सिद्दीही मुळात आफ्रिकेतून दर्या ओलांडून आलेले, त्यांच्यातले कित्येक जण गुलाम म्हणून विकलेले. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर असाच विकला गेलेला पोर होता. सत्ता १९४८ मध्ये संपली, त्याच साली आमच्याकडची निजामाचीही. आता भिंती आहेत, तोफा आहेत आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची दोन मोठी तळी आहेत. सोनपेठच्या बायका बुरुजांपेक्षा त्या तळ्यांपाशी जास्त वेळ उभ्या राहिल्या. आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, या हुकमाची तामील झालीच म्हणायची.

तिकडे भूमध्य समुद्रात तुर्कस्तानच्या बोद्रुमहून ग्रीसचे कोस बेट दिसते, इतके जवळ आहे. तिथेही लोक खासगी होडी ठरवून सकाळी जातात, पोहतात, जेवतात, संध्याकाळी परततात. २ सप्टेंबर २०१५ रोजी त्याच पाण्यातून कोसला निघालेली एक होडी उलटली आणि आलान कुर्दी नावाचे सीरियाचे लेकरू बोद्रुमजवळच्या वाळूत पालथे सापडले. त्याची आई आणि भाऊही गेले. बाप वाचला. त्यांनीही होडीचे पैसे मोजले होते. पासपोर्ट असलेल्याला तेवढेच अंतर पार करायला तासही लागत नाही.

हे कळल्यावर सहलीची होडी हराम होते काय? आमच्या मते होत नाही. बोद्रुमचा प्रवासी घरी बसला असता म्हणून ते लेकरू वाचले नसते. आपल्याकडेही १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची चौदा मुले-मुली याच मुरूडच्या समुद्रात बुडाली, त्यांत आपल्या घरांतली बरीच होती. तीही आनंदालाच गेली होती. त्यांच्या आनंदावर बोट ठेवणारे मौलाना आम्ही ऐकले, आणि आम्हाला त्यांची कीव आली. पण एक फरक आम्ही विसरू इच्छीत नाही. लेस्बॉस बेटाच्या कोळ्यांनी त्या दिवसांत जाळी बाजूला ठेवून माणसे बाहेर काढली. बुडणाऱ्याला पाहून होडी वळवायची, हा दर्याचा कायदा सगळ्या कायद्यांपेक्षा जुना आहे. तो पाळायचा तर होडीत जागा ठेवावी लागते आणि नजर बाहेर ठेवावी लागते. आनंद निषिद्ध आहे तो एवढ्याच ठिकाणी, जिथे तो या दोन्ही गोष्टी नको म्हणतो.

परतल्यावर भाड्याचा हिशेब झाला. दोन होड्या झाल्या, माणसे मिसळली, कोणी किती द्यायचे यावर बीडचे कर्ते गृहस्थ आणि आमचे दोघे बराच वेळ बोलत राहिले. कोणीतरी होडीवाल्याला घासाघीस करून कमी करायला सांगितले. येताना टोलनाक्यावर मात्र कोणी घासाघीस केली नव्हती. होडीवाल्याने ऐकून घेतले, ठरलेला आकडा पुन्हा सांगितला आणि मग नोटा दोनदा मोजून खिशात घातल्या.